कंपवात आणि मन

पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवात, हा आजार ओळखला जातो तो हाताच्या थरथरीवरून. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला, त्यात बुद्धी आणि ज्ञानेंद्रिये शाबूत राहतात असे म्हटले होते. मनाची बाजू त्यानंतर बराच काळ दुर्लक्षितच राहिली. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये उपचार करण्याजोगी नैराश्याची लक्षणे आढळतात.

आजार कळल्याचा धक्का हे या नैराश्याचे एक कारण. पण एकमेव नव्हे. मेंदूत डोपामिन हे रसायन कमी होते, तशी सेरोटोनिनची घडीही विस्कटते. म्हणूनच काहींना थरथर सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी उदासी घेरते. कंपवाताच्या गोळीचा असर ओसरू लागला की पाय जमिनीला खिळतात आणि त्याच सुमारास जिवाची घालमेल होते, आता काही खरे नाही असे वाटू लागते. पुढची गोळी लागू पडली की माणूस पुन्हा ठीक. घरच्यांना हे सोंग वाटते. ते सोंग नसते.

नैराश्याचे निदान मात्र सहज हुकते. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्याने भाव उमटत नाहीत, आवाज बसतो, झोप उडते. हे सारे कंपवाताच्या खात्यावर जमा होते.

तैवानमधील २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या रुग्णांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट दिसला. बहुसंख्य रुग्ण त्या वाटेला जात नाहीत, हेही तितकेच खरे. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष विशेष जपण्याचे असते. हात स्थिरावला म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि नेमके तेव्हाच मनाकडे लक्ष राहत नाही. डोपामिनसारखे काम करणाऱ्या काही गोळ्यांमुळे जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागू शकतो; कर्ज आणि लाज दोन्ही लपवली जातात. त्याच गोळ्या एकदम बंद केल्या तर तीव्र अस्वस्थता येते. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायच्या असतात.

जगणे नकोसे वाटते का, हे थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. नैराश्यावरच्या गोळ्या आणि मानसोपचार या रुग्णांनाही लागू पडतात. कधी कंपवाताच्या गोळ्यांच्या वेळा बदलूनही घालमेल कमी होते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट रुग्णाला घराबाहेर काढतात आणि शुभंकरालाही, म्हणजे सांभाळणाऱ्यालाही, आधार देतात.

रुग्ण निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला एकटे ठेवू नये. घरातील औषधांचा साठा दुसऱ्याने ताब्यात घ्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धोका तातडीचा वाटला तर थेट रुग्णालय. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.