ताप येण्याआधीचे पंधरा दिवस

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे मुंबईकरांना आजही पाठ आहे. त्यानंतरच्या पंधरवड्यात काय झाले, ते मात्र फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाही. पाणी ओसरले, घरांतला चिखल उपसून झाला आणि तापाचे रुग्ण येऊ लागले. सणकून ताप, लालबुंद डोळे, पोटऱ्या अशा दुखत की हात लावू देववत नसे. कमरेभर पाण्यातून चालत घर गाठलेल्या कित्येकांना लेप्टोस्पायरोसिसने, म्हणजे लेप्टोने, गाठले होते.

उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात. पायाची भेग किंवा साधे खरचटणेही त्यांना आत शिरायला पुरते. लक्षणे दिसायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात आणि तोवर माणूस ते पाणी विसरून गेलेला असतो. डॉक्टरांपुढे तो ताप किती आणि कधीपासून, एवढेच सांगतो. आपण कुठून चालत आलो, गोठा कुणी साफ केला, लावणीसाठी किती दिवस चिखलात उभे होतो, हे विचारल्याशिवाय निघत नाही. निदानाचा धागा मात्र बरेचदा तिथेच असतो.

कारण ताप हा मुळात रोगच नव्हे. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून 1868 मध्ये ग्रंथ लिहिला. 37 अंश सेल्सिअस हा आकडा रूढ झाला तो त्यांच्यामुळे. ताप हे लक्षण आहे, हा त्यांचा आग्रह. जंतूंची चाहूल लागली की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस शरीराच्या तापमानाची पातळी वर चढवतो. मग 37 अंशांचे अंगही त्याला गार वाटते, म्हणून हुडहुडी भरते आणि माणूस गोधडी ओढून घेतो. पातळी खाली आली की घाम फुटतो.

पॅरासिटामॉलने तापाचा आकडा उतरतो, पण मूळ कारण जागेवरच राहते. हिवतापात रक्ताची काच तपासावी लागते आणि एकदा काही दिसले नाही तर पुन्हा तपासावी लागते. व्हायवॅक्स जातीचा असेल तर परजीवी यकृतात दबा धरून बसतात. त्यासाठीचा प्रायमाक्विनचा कोर्स बरे वाटले म्हणून अर्धवट सोडला, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच ताप परत येऊ शकतो.

डेंग्यूची तऱ्हा आणखी फसवी. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे निःश्वास सोडतात, आणि नेमक्या त्याच वेळी काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, मलूलपणा यांतले काहीही दिसले तर रुग्णालय गाठायला हवे. घरोघरी लक्ष मात्र प्लेटलेटच्या आकड्यावर आणि पपईच्या पानांच्या रसावर असते! डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेणे धोक्याचे, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

डेंग्यूचा एडिस डास गटारापेक्षा घरातले पाणी पसंत करतो. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, मनी प्लांटची बाटली. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा असतो. पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, कडेला चिकटलेली अंडी घासून काढावी लागतात. मुंबईत हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो. तिथे घट्ट झाकणच कामाला येते.

लेप्टोसाठी गमबूट, जखमेवर जलरोधक पट्टी आणि उंदरांना आमंत्रण देणारा कचरा वेळच्या वेळी उचलणे. तरीही तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेच, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे, असे मुंबई महापालिका पावसाळ्यात सांगत असते. पायाला जखम होती का, पाण्यात एकदाच जाणे झाले की वारंवार, यावरून डॉक्सीसायक्लीन हे प्रतिबंधक औषध किती दिवस द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांच्यासाठी औषध वेगळे असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी मागून घेऊन चालत नाही.