स्टिल्टनची बेल सराई : घोड्याच्या दमाने आखलेले घर

इंग्लंडमधील जुन्या खेड्यांत हमरस्त्याला लागून ज्या दगडी सराया उभ्या आहेत आणि ज्या आज प्रवाशांना खोल्या देतात, जेवण वाढतात व लग्नसमारंभांसाठी दालने भाड्याने देतात, त्यांपैकी अनेकींची जागा आणि बांधणी घोड्याच्या दमाने ठरवलेली आहे. चार घोड्यांच्या प्रवासी गाडीला जुंपलेले जनावर भरधाव वेग साधारणपणे दहा ते पंधरा मैलांपलीकडे टिकवू शकत नसे. त्यामुळे लांबच्या रस्त्याचे तेवढ्या अंतराचे टप्पे पाडले गेले आणि प्रत्येक टप्प्यावर थकलेले घोडे सोडून ताजे जोडण्याची सोय करणारे ठाणे उभे राहिले. अशा ठाण्याला ‘कोचिंग इन’ म्हणत. लंडनच्या उत्तरेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, पूर्वी हंटिंग्डनशरमध्ये आणि आता केंब्रिजशरमध्ये मोडणाऱ्या स्टिल्टन या खेड्यातील ‘बेल’ ही सराई या व्यवस्थेचा उत्तम नमुना आहे.

लंडनहून यॉर्कमार्गे स्कॉटलंडकडे जाणारा ‘ग्रेट नॉर्थ रोड’ स्टिल्टनच्या परिसरात रोमन काळातील अर्मिन स्ट्रीटच्या मार्गावरून जातो. बेलच्या दर्शनी भिंतीच्या त्रिकोणी माथ्यावर १६४२ हे साल कोरलेले आहे, मात्र त्या जागी त्याहून जुनी सराई असावी असे मानले जाते. इमारतीच्या मधोमध गाडी आत जाईल एवढी कमान, तिच्यामागे अंगण आणि अंगणाभोवती पागा व खोल्या, ही रचना या वर्गातील बहुतेक सरायांत आढळते. गाडी कमानीतून अंगणात आली की मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे नोकर, पुढे होऊन घोडे सोडत; एरवी प्रवाशांसाठी राबणारे घर तेवढ्या वेळापुरते घोड्यांसाठी राबे.

रस्त्यांच्या इतिहासातही या गावाचे नाव आहे. ‘टर्नपाइक’ म्हणजे रस्त्यावर आडवा अडसर टाकून पथकर घेण्याचा नाका, आणि त्या उत्पन्नातून रस्त्याची डागडुजी करण्याची ती पद्धत. यासंबंधीचा पहिला कायदा १६६३ मध्ये याच रस्त्याच्या एका भागासाठी झाला आणि त्यात वेड्समिल, कॅक्स्टन व स्टिल्टन असे तीन नाके नेमले गेले. परंतु स्टिल्टनच्या नाक्याला स्थानिकांचा इतका विरोध झाला की तो उभाच राहिला नाही. पुढील शतकात मात्र ही पद्धत देशभर पसरली, रस्ते सुधारले आणि गाड्यांचा वेग वाढत गेला.

या वेगाला शिस्त लावली ती टपालाने. बाथ येथील नाट्यगृहाचे मालक जॉन पामर यांच्या आग्रहावरून २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी सुटली आणि ज्या प्रवासाला टपालास पूर्वी दीड दिवसाहून अधिक वेळ लागे तो सुमारे सोळा तासांत पार पडला. टपालगाडीत चार उतारू आत बसत, काही बाहेर टपावर बसत, आणि आतल्या बैठकीचे भाडे बाहेरच्या जवळजवळ दुप्पट असे. मागे बसणाऱ्या सशस्त्र रखवालदाराजवळ कुलूपबंद घड्याळ असे व त्याच्याकडून प्रत्येक टप्प्याच्या वेळेचा हिशेब घेतला जाई. तो दुरून शिंग फुंके, ते ऐकताच पथकराचा नाका खुला होई, कारण टपालगाडीला कर माफ होता, आणि पुढच्या सराईत नवे घोडे साज चढवून तयार राहत. घोडे बदलण्याचे काम दोनएक मिनिटांत उरके, आणि जेवणाच्या थांब्यावर उतारूंना मिळत अवघी वीसेक मिनिटे. या वेगाची खरी किंमत मोजली ती घोड्यांनी. जलद गाड्यांवरचे घोडे मोजक्याच वर्षांत निकामी होत, हे या वैभवाच्या वर्णनांतून बहुधा गाळले जाते आणि ते गाळले जाऊ नये.

आपल्याकडच्या धर्मशाळेशी या सराईची तुलना सहज सुचते, पण ती फार ताणता येत नाही. अहिल्याबाई होळकरांनी यात्रामार्गांवर बांधलेल्या धर्मशाळा दानधर्मातून उभ्या राहिल्या आणि त्यांत यात्रेकरूला आसरा मिळे. इंग्लंडमधील सराई हा आरंभापासून रोख व्यवहार होता, आणि सराईचा मालक हा घोडे, गवत, धान्य, मद्य आणि भाड्याच्या गाड्या या सर्वांत भांडवल गुंतवलेला व्यापारी असे.

बेलचा मालक कूपर थॉर्नहिल हा अशा व्यापाऱ्यांतील अग्रणी होता. १७४५ च्या एप्रिलमध्ये त्याने पाचशे गिनींची पैज घेतली. गिनी म्हणजे एकवीस शिलिंगांचे नाणे, तेव्हा ही रक्कम साधी नव्हती. स्टिल्टनहून लंडनच्या शोरडिच भागापर्यंत घोड्यावरून जायचे, तिथून स्टिल्टनला परतायचे आणि पुन्हा लंडनला जायचे, आणि हे सारे पंधरा तासांत, अशी अट होती. सुमारे २१३ मैलांचे, म्हणजे जवळजवळ ३४० किलोमीटरचे हे अंतर त्याने सव्वाबारा तासांच्या आसपास पुरे केले. याचे श्रेय त्याच्या मांडीच्या ताकदीला जितके, तितकेच रस्त्यावर जागोजागी सज्ज ठेवलेल्या ताज्या घोड्यांना आहे. एका स्वाराला एका दिवसात एवढे अंतर शक्य व्हावे, याचाच अर्थ त्या रस्त्यावर घोडे पुरवण्याची यंत्रणा तोवर पक्की झालेली होती.

याच थॉर्नहिलचे नाव एका चीजशीही जोडलेले आहे. निळसर शिरा असलेल्या, आंबूस वासाच्या ज्या चीजला जगभर ‘स्टिल्टन’ म्हणतात, त्याची ख्याती त्याच्याही आधीची आहे. डॅनियल डिफो याने १७२४ ते १७२७ या काळात प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात या गावाची ओळख चीजसाठी नावाजलेले गाव अशीच करून दिली आहे. लेस्टरशरमधील वायमंडम येथील फ्रान्सेस पॉलेट या कुशल महिलेकडून थॉर्नहिल चीज घेऊन ते बेलमध्ये विकत असे, असे परंपरेने सांगितले जाते. प्रवासी ते इथे खात, सोबत बांधून घेत आणि लंडनला गेल्यावर या गावाच्या नावानेच मागत. घोडे बदलण्याच्या थांब्याने एका पदार्थाला नाव मिळवून दिले, आणि त्या नावाने पुढे गावालाही मागे टाकले.

गाड्यांच्या सुवर्णकाळाचा शेवट फार थोड्या वर्षांत झाला. १८३० मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यामधील रेल्वे सुरू झाली, १८३८ मध्ये लंडन व बर्मिंगहॅम जोडले गेले, आणि लंडनहून सुटणारी अखेरची टपालगाडी १८४६ मध्ये बंद झाली. सुमारे अठराशे घोडे बाळगणारा लंडनचा मोठा गाडीमालक विल्यम चॅप्लिन याने वेळीच आपले भांडवल काढून रेल्वेत घातले. रस्त्याकाठच्या सरायांना मात्र जागा बदलता येत नव्हती. ग्रेट नॉर्दर्न रेल्वे १८५० मध्ये पीटरबरोपर्यंत आली ती स्टिल्टनला बाजूस ठेवून, आणि बेलच्या अंगणातील वर्दळ ओसरली.

तरीही बेल टिकली, याचे कारण तिच्या जुन्या कामांतच सापडते. सरायांमध्ये पूर्वीपासून पथकर मंडळांच्या विश्वस्तांच्या बैठका भरत, लिलाव होत, नृत्याच्या मैफली आणि मेजवान्या होत. म्हणून आजचे समारंभ हा मुळीच नवा उद्योग नाही. खोल्या, भोजन आणि समारंभ ही सराईची तीन कामे चालू राहिली आणि पागेचे चौथे काम, जे एकेकाळी सर्वांत मोठे होते, तेवढे गळून पडले. बेलही मध्यंतरी दुरवस्थेत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची दुरुस्ती झाली आणि ती पुन्हा हॉटेल म्हणून चालू लागली. डिक टर्पिन या दरोडेखोराने इथे आसरा घेतल्याची कथाही ऐकायला मिळते. ती लोककथा म्हणूनच घ्यावी, कारण बेलचा खरा इतिहास तिच्याविना पुरेसा श्रीमंत आहे.

१९९६ मध्ये युरोपीय कायद्याने घातलेल्या नियमानुसार डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीन परगण्यांत बनलेल्या चीजलाच स्टिल्टन म्हणता येते, आणि स्टिल्टन गाव त्यांपैकी कोणत्याही परगण्यात नसल्याने तिथे बनलेल्या चीजला त्या गावाचेच नाव लावता येत नाही. ज्या गावाच्या सराईने हे नाव रस्त्यांवरून सर्वदूर पोचवले त्या गावाला त्यातून वगळणे न्याय्य नाही. इंग्लंडमध्ये वास्तव्य करणाऱ्या किंवा प्रवासास जाणाऱ्या मराठी श्रोत्यांनी लंडनहून उत्तरेकडे जाताना पीटरबरोच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून या गावात अवश्य वळावे, आणि बेलमध्ये जेवायला बसण्याआधी तिच्या कमानीवर लिहिलेली दूरच्या गावांची अंतरे वाचावीत.