छंदाला वेळ कुणी द्यायचा?

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. टक्केवारी वाचली जाते, वह्या-पुस्तके दिली जातात, टाळ्या वाजतात. ते झालेच पाहिजे. परंतु आज आम्ही टक्केवारीविषयी बोलणार नाही. सत्कारासाठी विद्यार्थ्यांकडून जे अर्ज भरून घेतले, त्यांत एक रकाना होता: 'आवड किंवा छंद'. बहुतेक मुलांनी तो कोरा सोडला. काहींनी 'वाचन' लिहिले, कारण अशा ठिकाणी तेच लिहायचे असते. एका मुलीने मात्र आमच्या टेबलासमोर उभे राहून 'पेटी वाजवणे' असे लिहिले, शेजारी उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ते खोडून टाकले. त्या खोडलेल्या शब्दांमुळे आज आम्ही हा विषय घेतला आहे.

त्या माउलीला दोष देण्यासाठी आम्ही उभे नाही. आम्ही जुनी मंडळी तिच्याहून वेगळी नव्हतो. दहा बाय बाराची खोली, सात-आठ माणसे, एक दिवा, नळाला पहाटे तासभर पाणी. अशा घरात मुलाने चित्रे काढत बसावे किंवा मुलीने गात बसावे, ही कल्पनाच आम्हाला चैनीची वाटे. 'भिकेचे डोहाळे' हा शब्द आमच्या तोंडी कायम असे. शिक्षण ही वर येण्याची एकच शिडी होती आणि तिची एकही पायरी हुकू नये, ही आमची धास्ती होती. ती धास्ती खोटी नव्हती, परंतु तिच्यापायी आम्ही काही चुका केल्या. त्यांतल्या दोन आज कबूल करतो.

पहिली गोष्ट १९७४-७५ च्या सुमाराची. आमच्या चाळीत नववीतला एक मुलगा होता. वडील गिरणीत, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे. या मुलाने पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे ऐंशी-नव्वद वेढे गुंडाळले, जुन्या बाजारातून एक गँग कंडेन्सर, एक डायोड आणि टेलिफोनवाल्यांचा जुना हेडफोन आणला. एक लांब तार या गॅलरीतून त्या गॅलरीपर्यंत बांधली, दुसरी नळाला जोडली आणि रेडिओ तयार झाला! त्याला ना बॅटरी होती, ना विजेचे कनेक्शन. त्याने हेडफोन आमच्या कानाला लावला आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्राचा आवाज अगदी बारीक, पण स्पष्ट ऐकू आला. वीज कुठून येते, असे विचारल्यावर तो म्हणाला, 'काका, ती लहरींबरोबरच येते.' त्याचे म्हणणे बरोबर होते. केंद्रावरून निघालेल्या लहरी लांब तारेत अगदी सूक्ष्म प्रवाह निर्माण करतात. तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर मिळून हवे ते केंद्र निवडतात, डायोड प्रवाहाची एक बाजू पुढे सोडतो आणि तेवढ्यावर हेडफोन बोलू लागतो.

यावर आम्ही काय केले? चार मोठी माणसे जमली आणि 'वीज पडेल, शिवाय परीक्षा आली आहे' असे म्हणून ती तार काढायला लावली. मुलाने वाद घातला नाही. परीक्षा संपल्यावर मात्र ती तार पुन्हा बांधली. पुढे तो मोठा शास्त्रज्ञ झाला असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे काही घडले नाही. तो कारकून म्हणून नोकरीला लागला आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाला. परंतु आजही लाऊडस्पीकर मध्येच बंद पडला की सारी मंडळी त्याच्याचकडे पाहतात. तो म्हणतो, 'नोकरीने घर चालवले, पण मला कंटाळा कधी येऊ दिला नाही तो या हातातल्या कामाने.' आम्हाला वाटते, छंदाचे मोल एवढ्यात आले.

छंदाचे कधी कधी फार मोठेही होते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणकासाठी एक कार्यप्रणाली लिहायला घेतली आणि ती जाहीर करताना हा केवळ आपला छंद आहे, असे सांगितले. त्यातून लिनक्स उभे राहिले. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड फोन आहे, त्याच्या गाभ्याशी तेच लिनक्स आहे. परंतु विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येक छंदातून लिनक्स निघावे अशी अट घालू नका, आणि पालकांनी तर मुळीच घालू नये. 'यातून पुढे काय मिळणार?' हा प्रश्न अभ्यासाला विचारावा, नोकरीला विचारावा. दिवसातला एक तास तरी असा असू द्या, की ज्याला हा प्रश्न विचारायचा नाही.

मग छंद आणि करमणूक यांत फरक काय? आमच्या मते फरक सोपा आहे. करमणुकीत आपण पाहतो, छंदात आपण करतो. फोनवर दुसऱ्याने मारलेल्या जोरांचा व्हिडिओ पाहिला म्हणून आपला दंड भरत नाही. आम्ही फोनच्या विरुद्ध नाही. त्याच फोनवर तानपुरा लावून मुले सुराला बसतात, त्यावर पाहून गिटार शिकतात, आकाशातले तारे ओळखतात. फोन बाजूला ठेवल्यावर आपल्या हातात, गळ्यात किंवा अंगात काही उरले का, एवढे ज्याचे त्याने पाहावे.

व्यायामाचे उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी आणि मोठ्या माणसांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, म्हणजे भरभर चालले तरी चालेल. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. त्यासाठी जिमची फी लागत नाही. जोर-बैठका, दोरीवरच्या उड्या, धावणे, कबड्डी यांना खर्च तो किती? खर्च आहे तो वेळेचा. आणि इथेच आमच्या विषयाची खरी गाठ आहे. आपल्या घरात वेळ कुणाकडे आहे?

आता दुसरी चूक सांगतो. आमच्याच वस्तीत एक मुलगी होती. तिला पेटी कुणी शिकवली नव्हती. थोरल्या भावासाठी आणलेली पेटी तो शाळेत गेला की ती उघडायची. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या, एकदा ऐकलेली चाल दुसऱ्या दिवशी बोटांत. जयंतीच्या कार्यक्रमात गायनपार्टीला साथ करायला तिला बसवू लागलो, तेव्हा तिचे वय होते अकरा वर्षांचे. पेटी हे तसे हट्टी लोकांचे वाद्य. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी केली आणि ती उठायला १९७१ साल उजाडले. परंतु म्हणून घराघरांतली आणि वस्त्यावस्त्यांतली पेटी काही थांबली नाही. ही मुलगी मात्र थांबली. दहावी झाली, आई कामावर जाऊ लागली, घरचा स्वयंपाक तिच्यावर आला. 'पेटी बंद कर' असे तिला कुणीही म्हटले नाही. तशी गरजच पडली नाही. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत तिचे हात पिठात असत आणि गायनपार्टीची तालीम त्याच वेळी होई. आम्ही तालमीला दुसरा मुलगा बसवला. तालमीची वेळ बदलावी किंवा तिच्या भावाने दोन दिवस पोळ्या लाटाव्यात, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. भावाचा क्रिकेटचा छंद त्या काळात व्यवस्थित चालू होता.

यावरून एका परदेशातल्या भावा-बहिणीची हकिगत आठवते. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतील हॅनोव्हरचा. इंग्लंडात बाथ शहरी चर्चमध्ये ऑर्गन वाजवून आणि संगीताच्या शिकवण्या करून तो पोट भरत असे. त्याला आकाश पाहण्याचा नाद लागला. मोठी दुर्बीण विकत घेणे परवडेना, म्हणून तो घरीच धातूचे आरसे घासू लागला. १३ मार्च १७८१ या रात्री घराच्या बागेतून पाहताना त्याला युरेनस हा ग्रह सापडला. एका संगीतशिक्षकाच्या छंदाने ज्ञात सूर्यमालेत एका ग्रहाची भर घातली!

परंतु आरसा घासताना हात थांबवून चालत नसे. एकदा विल्यम सलग सोळा तास घासत बसला आणि त्या काळात त्याच्या तोंडात घास भरवत होती त्याची धाकटी बहीण कॅरोलाईन. लहानपणी आजारात तिची वाढ खुंटली होती. हिला घरकामापुरते आले म्हणजे पुरे, असे तिच्या आईचे मत. १७७२ साली भावाने तिला बाथला आणले, गाणे शिकवले, गणित शिकवले. पुढे त्याने तिच्यासाठी एक छोटी दुर्बीणही बनवून दिली. हातात दुर्बीण आणि वाट्याला स्वतःच्या रात्री आल्यावर या बाईने काय केले? १७८६ साली पहिला धूमकेतू शोधला आणि १७९७ पर्यंत एकंदर आठ. १७८७ पासून राजाने तिला वर्षाला ५० पौंड वेतन सुरू केले. १८२८ साली लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिले. हे पदक त्यानंतर एखाद्या स्त्रीला मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

बंधू-भगिनींनो, घास भरवणारी कॅरोलाईन आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. कुणाची आई आहे, कुणाची बहीण, कुणाची सूनबाई. प्रश्न असा, की तिच्या हाती दुर्बीण कधी द्यायची? घरातल्या एकाचा छंद जर दुसरीच्या वेळेवर चालत असेल, तर तो छंद अजून अपुरा आहे. रविवारी सकाळी मैदानावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाने घरी येऊन आपले ताट आपण घासावे आणि आणखी चार ताटे घासावीत. ही शिक्षा नव्हे, आपल्या आनंदाचा तो वाटा आहे.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, 'आता आमचे वय झाले, आमचा कसला छंद?' बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाविषयी आपण नेहमी बोलतो. दादरचे राजगृह त्यांनी ग्रंथांसाठी बांधले, हे मुलांनाही ठाऊक असते. परंतु उतारवयात, एवढ्या व्यापात, त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले होते आणि चित्रकलेतही हात घातला होता, हे आपण फारसे सांगत नाही. व्हायोलिन हे काही उपजीविकेचे साधन नव्हते. ज्यांना दिवसाचे तास पुरत नसत, त्यांनीही त्यासाठी वेळ काढला. मग आपल्यालाच तो का मिळू नये?

म्हणून आज आम्ही तीन गोष्टी सुचवतो. पहिली कार्यकारिणीसाठी. संस्थेचा हॉल शनिवारी संध्याकाळी रिकामा असतो. तो छंदांसाठी मोकळा ठेवावा. एका कोपऱ्यात पेटी-ढोलकी, एका कोपऱ्यात सोल्डरिंगची हत्यारे, बाहेरच्या पटांगणात दोरीच्या उड्या आणि कबड्डी. वेळ मात्र मुलींना विचारून ठरवावी. तालमीची वेळ न बदलण्याची चूक पुन्हा नको. आमचा रेडिओवाला मित्र शिकवायला तयार आहे, त्याला आम्ही विचारून ठेवले आहे.

दुसरी पालकांसाठी. मुलाचा छंद परीक्षेच्या काळात कमी करा, बंद करू नका. बंद केलेली पेटी पुन्हा उघडायला किती वर्षे लागतात, ते आम्ही पाहिले आहे.

तिसरी विद्यार्थ्यांसाठी. एकच छंद धरा आणि निदान वर्षभर सोडू नका. पहिले दोन-तीन महिने बोटे दुखतील, सूर बेसूर लागतील, दम लागेल, रेडिओ गप्प राहील. इथे नापास करणारा कुणी नाही आणि गुण देणाराही कुणी नाही. कुणी पाहत नसताना काम नीट करण्याची सवय इथेच लागते, आणि ती सवय अभ्यासातही तुमच्या मागे येते.

शेवटी त्या पेटीवाल्या मुलीविषयी. ती आता पन्नाशी ओलांडलेली गृहिणी आहे. अलीकडे सुनेनेच तिला आग्रह करून एक जुनी पेटी घेऊन दिली. मागच्या रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा मुलगा कुकर लावत होता आणि ती बाहेरच्या खोलीत बोटे चुकत-चुकत एक जुनी चाल शोधत होती. आम्हाला पाहून ती थांबली नाही, हे आम्हाला फार आवडले. मधली पस्तीस वर्षे मात्र तिला कुणी परत देऊ शकत नाही. त्यांची जबाबदारी आमच्या पिढीवर आहे.

आणि ज्या मुलीने यंदाच्या अर्जात तो शब्द खोडला, तिच्या आई आज इथे बसल्या आहेत. ताई, तुमच्यावर आमचा राग नाही. पुढच्या वर्षी तोच अर्ज पुन्हा येईल आणि तो रकानाही असेल. तिला तो भरू द्या. खोडू देऊ नका.