दार उघडं ठेवून



१८९३ सालचं पुणं. विधवा मुलींसाठी चालवलेल्या शारदा सदनात, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमेला जवळ घेऊन बसल्या आहेत. पवित्र शास्त्रातला पाठ वाचून होतो, मग प्रार्थना. खोलीचं दार उघडं आहे. सदनातल्या ब्राह्मण विधवा मुली दारावरून येतात-जातात. एखादी थबकते, एखादी उंबरा ओलांडून आत येऊन बसते. तिला कुणी बोलावलेलं नसतं, आणि ऊठ म्हणूनही कुणी सांगत नाही.

या उघड्या दारावरून त्या वर्षी पुण्यात वादळ उठलं. वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी सदनातून काढून नेलं. सल्लागार मंडळातले न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर राजीनामे देऊन बाहेर पडले. ‘केसरी’ने तर आधीपासूनच रमाबाईंवर नेम धरला होता. ही माणसं स्त्रीशिक्षणाची वैरी होती असं म्हणून हात झटकता येणार नाही. रानडे-भांडारकर रमाबाईंचे खरे पाठीराखे होते. त्यांची हरकत अशी होती की सदन कोणत्याही धर्माचा प्रचार करणार नाही, असा शब्द दिलेला आहे. मुली लहान आहेत, आश्रित आहेत, आणि ज्या बाईच्या आधारावर त्या जगतात ती बाई रोज त्यांच्या डोळ्यांसमोर गुडघे टेकते. ही हरकत वजनदार होती आणि आजही आहे. आश्रित माणसासमोर श्रद्धेचा उच्चार करणाऱ्याला दुप्पट जपून वागावं लागतं.

रमाबाई जपून वागतही होत्या. मुलींचं सोवळं-ओवळं सांभाळलं जाईल अशी स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था त्यांनी ठेवली होती. ज्या मुलींना आपली पूजा, आपले उपास करायचे, त्यांना ते मोकळं होतं. पण आपल्याच खोलीत, आपल्याच मुलीबरोबर प्रार्थना करताना कडी लावून घ्यायची, हे त्यांना मान्य नव्हतं. चोरून करावं असं त्यात काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता.

या दारातून आत काय गेलं याची चर्चा फार झाली. बाहेर कोण आलं याची झाली नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन सुरू झालं तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. त्या रमाबाईंच्या सावलीत चार वर्षं राहिल्या आणि हिंदूच राहिल्या. त्याच १८९३ सालच्या मार्च महिन्यात धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी जे काम उभं केलं त्याची एक मुळी शारदा सदनात सापडते. उघड्या दारातून माणूस आत येतो तसा बाहेरही जातो. रमाबाईंना हे ठाऊक होतं आणि त्याची त्यांना धास्ती नव्हती.

असं दार उघडं ठेवण्याला मराठी ख्रिस्ती मंडळीत रोजच्या वापरातला एक शब्द आहे: साक्ष. रविवारची उपासना असो की कुणाच्या घरी भरलेली प्रार्थनासभा, कुणीतरी उठून उभं राहतं आणि सांगू लागतं. आजारपण, सुटलेली दारू, डोक्यावरचं कर्ज, तुटता तुटता सावरलेला संसार. पाळकांच्या प्रवचनात डुलक्या काढणारी माणसं इथे मात्र ताठ बसून ऐकतात. हा शब्द कोर्टातलाही आहे, आणि ते बरंच आहे. साक्षीदाराने वकिली करायची नसते आणि निकालही द्यायचा नसतो. आपण पाहिलं तेवढं सांगायचं, न पाहिलेलं सांगायचं नाही, आणि उलटतपासणीला उभं राहायचं. श्रद्धेच्या साक्षीची उलटतपासणी घरातली माणसं घेतात, शेजारी घेतात, कामावरचे सोबती घेतात. आणि ती वर्षानुवर्षं चालते.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात ही उलटतपासणी किती कडक होती, याची आज कल्पना येत नाही. १८४३मध्ये मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तो मिशनऱ्यांकडे राहिला होता, म्हणून मामला सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलाला आईबापांच्या हवाली केलं. पण घरी आलेल्या त्या पोराला ज्ञातीत परत घ्यायचं की नाही यावर ब्राह्मणवर्गात फूट पडली. प्रायश्चित्त देऊन घ्या, असं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाच सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. एका बारा वर्षांच्या मुलाने कुणाच्या पंक्तीला जेवावं, यावरून शहर ढवळून निघालं! दोन्ही बाजूंच्या मोठ्या माणसांच्या भांडणात त्या मुलाच्या मनात काय होतं हे विचारायला सवड कुणाला झाली असेल, असं वाटत नाही.

बाबा पदमनजींची गोष्ट वेगळी. बेळगावच्या कासार घरातला हा मुलगा. विश्वास आधी बसला, धीर फार उशिरा आला. मनाने एकीकडे, घरच्या देव्हाऱ्यासमोर दुसरीकडे, अशा ओढाताणीत त्यांनी बराच काळ काढला. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८५७मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं, विधवांच्या हालांवरची ती मराठीतली आरंभीची कादंबरी. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपला भित्रेपणा लपवलेला नाही. त्या पुस्तकाचा मोठेपणा यात आहे. न भिणाऱ्याची साक्ष ऐकून माणूस थक्क होतो. भ्यालेल्याची साक्ष ऐकून जवळ येतो.

आता कवी टिळकांच्या घरात जाऊ. १८९३मध्येच, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. कवितेवर गप्पा झाल्या. उतरताना त्या गृहस्थाने बायबलची एक प्रत हातात ठेवली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांना ते पटलं नाही, पण वाचीन असा शब्द दिला होता म्हणून ते वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. तो प्रवासी कोण होता हे त्यांना पुढे कधीच कळलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

वादात जिंकणाऱ्या, सभा गाजवणाऱ्या या कवीला आपल्या बायकोला हे तोंडावर सांगणं मात्र जड गेलं. सगळ्या नात्यागोत्याला बातमी कळली, लक्ष्मीबाईंना सगळ्यांच्या मागून. पदरात चार वर्षांचा दत्तू.

लक्ष्मीबाई कोणत्या घरातून आल्या होत्या ते ‘स्मृतिचित्रे’त पहिल्याच पानांत येतं. त्यांच्या आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली प्रत्येक जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायची नाही. धान्य धुवायचं हे समजण्यासारखं आहे; त्या घरात मीठही धुतलं जाई, साखरही. पाण्यात टाकलेल्या मिठाचं काय होत असेल? राहील तेवढं घरात घ्यायचं. अशा घरातल्या मुलीला एक दिवस कळतं की आपला नवरा बाटला. ज्या हातांनी तिला अक्षरं गिरवायला शिकवलं, त्या हातचं पाणी आता चालणार नाही.

पुढची जवळजवळ पाच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, काही काळ पंढरपुरात, नातलगांच्या आश्रयाने. त्याच दुःखातून त्यांच्या हातून पहिली कविता लिहून झाली. १८६६च्या कायद्याने बाटलेल्या नवऱ्याला, बायको नांदायला तयार नसेल तर, कोर्टातून काडीमोड मिळवण्याची सोय करून ठेवली होती. टिळक शीघ्रकोपी, लहरी. पण या एका बाबतीत त्यांनी अपार धीर धरला. कोर्टाची पायरी चढले नाहीत. पत्रं लिहीत राहिले, वाट पाहत राहिले.

त्या परत आल्या त्या सोवळं बरोबर घेऊनच. नवरा ख्रिस्ती आणि बायको कडक ब्राह्मण, असा संसार सुरू झाला. तिचा स्वयंपाक वेगळा, तिचं पाणी वेगळं. मिशनच्या लोकांना हे चमत्कारिक वाटलं असेल. टिळकांनी ते चालवून घेतलं. ज्या माणसाच्या शब्दांनी परक्यांची मनं हलत, त्याने घरात शब्द आवरले, हे त्याच्या सगळ्या कवितेहून अवघड काम असावं. मग राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न घोळू लागला: जाती देवाने केल्या की माणसाने? पशुपक्ष्यांत देवाने केलेला भेद डोळ्यांना दिसतो. माणसामाणसांत तसा कुठे दिसतो? हा प्रश्न त्यांचा त्यांनीच सोडवला. आधी पाण्याची भीती गेली, मग पंक्तीची. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. धर्म बदलला म्हणून त्यांनी शिवाशिव सोडली नाही. शिवाशिव मनातून गेली आणि त्या जागी विश्वास बसला. भयाचं घर त्यांच्या बाबतीत कुठे होतं? सरकारात नव्हतं, धर्मशास्त्राच्या पोथीत नव्हतं. ते पाण्याच्या घागरीत होतं.

विश्वास उघड करायचा म्हणजे आपली माती धुऊन टाकायची, असा समज त्या वेळी दोन्हीकडे होता. टिळकांनी तो मोडला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग रचले, भजनं रचली. ती गावोगावच्या मराठी उपासनेत आजही टाळ-पेटीवर गायली जातात. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे तिथे सारखे. चर्चमधल्या कित्येकांना ते पचलं नाही. निर्भयपणा बाहेरच्यांसमोर दाखवणं सोपं असतं. आपल्याच मंडळीच्या डोळ्यांना डोळा भिडवताना त्याची परीक्षा होते.

रमाबाईंनी ही परीक्षा त्याआधीच दिली होती. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या सिस्टरांना वाटलं, आता ही आपली आज्ञाधारक लेक. पण त्रैक्याच्या सिद्धान्तावर रमाबाई शंका विचारत राहिल्या, शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरं पाहून त्या अडल्या. लॅटिन पवित्र आणि संस्कृत अपवित्र, असं का? आपल्या सद्सद्विवेकावर इतर कुणाचा हुकूम चालणार नाही, हे त्यांनी मठालाही कळवलं आणि पुण्यालाही.

सद्सद्विवेक हा शब्द आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात आला आहे. त्यापाठोपाठ तीन क्रियापदं येतात: धर्म प्रकट करणं, आचरणं, त्याचा प्रसार करणं. यातल्या तिसऱ्यावर संविधानसभेत कडाक्याचा वाद झाला, पण शब्द टिकला. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क नव्हे. काही राज्यांत आता धर्म बदलण्याआधी जिल्हा प्रशासनाला कळवावं लागतं. बळाने किंवा आमिषाने कुणाला धर्मात ओढू नये, याबद्दल दुमत होण्याचं कारण नाही. ख्रिस्ती माणसाने तर ते सर्वांत आधी म्हणावं. पण लक्ष्मीबाईंची ती पाच वर्षं कोणत्या अर्जाच्या रकान्यात मावली असती? बाप्तिस्म्याची तारीख नोंदवता येते. घागरीपाशी मन कधी फिरलं, ते खुद्द त्या बाईलाही नेमकं सांगता येत नाही.

आणि पहिली दोन क्रियापदं? त्यांनाही आज धीर लागतो. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे धर्मगुरू. निवड जाहीर होताच धमक्यांचे फोन सुरू झाले: पाद्री अध्यक्ष कसा? ज्या माणसाने ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी आणि तिथल्या गुंडगिरीविरुद्ध रस्त्यावर उतरून लढा दिला, त्याला हा प्रश्न. प्रकृती साथ देत नव्हती, तरी फादर संमेलनाला गेले. ज्ञानोबा-तुकोबांवर आपला हक्क आहे हे त्यांना कुणाकडून लिहून घ्यायचं नव्हतं, आणि गळ्यातला क्रूस झाकायचाही नव्हता. या संमेलनाच्याही चारशे वर्षं आधी, १६१६मध्ये, फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोलला ओवीत छापलं गेलं होतं. तरीही मराठी ख्रिस्ती माणसाला कचेरीत, गाडीत, भाड्याचं घर बघताना अजून ऐकावं लागतं, ‘अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता!’ तो बिचारा हसून वेळ मारून नेतो. कधीतरी त्याने न हसता सांगावं, की घरात दुसरी भाषाच नाही.

रमाबाईंची शेवटची वर्षं केडगावच्या मुक्तिसदनात गेली. कान साथ देईनासे झाले होते. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणायचं काम त्यांनी घेतलं होतं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली मोठ्या होऊन तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

इकडे टिळक १९१९मध्ये गेले ते ‘ख्रिस्तायन’ अर्धवट ठेवून. ख्रिस्ताचं सगळं चरित्र ओव्यांत आणायचं होतं. थोडेच अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हातात घेतलं. एकीकडे ‘स्मृतिचित्रे’ लिहीत, दुसरीकडे अध्यायामागून अध्याय रचत त्या १९३६पर्यंत, म्हणजे अगदी अखेरपर्यंत, लिहीत होत्या. आज त्या ग्रंथातले बहुतेक अध्याय, एके काळी नवऱ्याच्या हातचं पाणी न चालणाऱ्या त्या बाईच्या हातचे आहेत.