तक्रार घेऊन कुठे जायचे?



जानेवारी 2025 मध्ये आपल्या नागपुरात हुडकेश्वर पोलिसांनी एका मानसशास्त्रज्ञाला अटक केली. समुपदेशनासाठी, शिबिरांसाठी आलेल्या विद्यार्थिनींचे त्याने अनेक वर्षे लैंगिक शोषण केले, असा आरोप आहे. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. मला छळतो तो वेगळाच प्रश्न. अशा एखाद्या मुलीला पहिल्याच वर्षी तक्रार करावीशी वाटली असती, तर पोलीस ठाण्याखेरीज तिने जायचे कुठे?

ब्रिटनमध्ये 2009 पासून याला उत्तर आहे. क्लिनिकल किंवा समुपदेशन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायचे तर वैधानिक नोंदवहीत नाव हवे. तक्रार झाली तर सुनावणी होऊ शकते, दोषी ठरल्यास नावही काढले जाऊ शकते. आपल्याकडे 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आणली. पण मानसशास्त्रात एम.ए. होऊन केंद्र उघडणारा, शाळेत समुपदेशक म्हणून बसणारा तिच्या बाहेरच राहिला. संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या 2021 च्या कायद्याने इतरांनाही कक्षेत घेतले खरे, पण इथल्या पाट्यांवर त्याचा परिणाम मला अजून दिसत नाही. व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहिता आहेत. त्यांची कठोरात कठोर शिक्षा म्हणजे सभासदत्व रद्द. जो सभासदच नाही, त्याचे काय बिघडणार?

संहितांमधली तत्त्वे जगभर जवळजवळ सारखीच आहेत, 2008 साली बर्लिनमध्ये जागतिक जाहीरनामाही झाला. त्यावर वेळ घालवत नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने 1953 ची पहिली संहिता कशी तयार केली, हे मात्र आपण शिकण्यासारखे आहे. त्यांनी आधी सभासदांकडून अडचणीत टाकणारे खरे प्रसंग मागवले आणि नियम त्यांतून काढले. कॅनडाने 1986 च्या संहितेत आणखी एक धाडस केले: तत्त्वांचा क्रम लावला. दोन तत्त्वांत झगडा झाला तर सहसा माणसाची प्रतिष्ठा आधी, समाजाविषयीची जबाबदारी नंतर. न्यूझीलंडने 2002 च्या संहितेच्या पायाशी तिथल्या मूळ रहिवासी माओरींबरोबरचा वाइतांगी करार ठेवला.

आपले प्रसंग कोणते? या लकडगंजातलाच घ्या. खाली टाल, मागे आरा गिरणी, वर समुपदेशकाची खोली. बारावीतला मुलगा सेशन संपवून बाहेर येतो आणि आई विचारते, "सर, काय बोलला तो? मी आई आहे त्याची." फी काकांनी भरलेली, त्यांचाही फोन संध्याकाळी येणार. त्याच काकांच्या टालावरून समुपदेशकाने घराच्या दारांसाठी सागवान उधारीवर आणलेले. आता क्लायंट कोण? नात्यांची ही गुंतागुंत अमेरिकन संहितेत आहे. पण एकमेकांना दोन पिढ्या ओळखणाऱ्या वस्तीत 'दुसरे नाते ठेवू नका' एवढे सांगून भागत नाही. उधारी आधी फेडा, मगच मुलाला खोलीत घ्या, इतके स्पष्ट कुणीतरी लिहायला हवे.

आणि सतरा वर्षांची मुलगी? ती विश्वासाने सांगते की आवडत्या मुलाशी तिचा शरीरसंबंध आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गोपनीयतेचा हक्क सांगतो, बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचे 19 वे कलम पोलिसांना कळवणे बंधनकारक करते. कळवावेच लागेल, यात मला संदेह नाही. मात्र ही मर्यादा तिला पहिल्या पाच मिनिटांत, तिने तोंड उघडण्याआधी, समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे. तिचे बोलणे ऐकून झाल्यावर कायदा दाखवणे हा विश्वासघात आहे. आपल्या समुपदेशकांतले बरेच जण ते आधी सांगत नाहीत, कारण मग मुली बोलणार नाहीत ही भीती. भीती खरी आहे, तरीही माझे मत बदलत नाही.

म्हणून दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येकाने ओळख पुसून आपला एक अडचणीचा प्रसंग लिहून द्यावा. त्यांतून मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत एका पानाची संहिता तयार करावी, कारण पूर्व नागपुरात दोन्ही लागतात. ते पान पहिल्या भेटीत क्लायंटच्या हातात जावे. समुपदेशकाचे शिक्षण, नोंदणी असल्यास तिचा क्रमांक, गोपनीयतेच्या मर्यादा त्यावर असाव्यात. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, तक्रार ऐकणाऱ्या समितीचा फोन नंबर. त्या समितीत निम्म्याहून अधिक जण आपल्या व्यवसायाबाहेरचे असावेत, अशी माझी अट आहे. या अटीवर मतदान घ्यावे.