स्वागताध्यक्षीय भाषण: खांद्याच्या फाटलेल्या कंडरा

शिवनेरी आणि भीमाशंकर यांची ओळख परिषदेच्या पाहुण्यांना करून देण्याची गरज नाही. जुन्नर-आंबेगावच्या या मुलखात खांदा कसा राबतो, हे मात्र सांगायला हवे.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट गाडीवर चढवणारा हमाल असो, की पश्चिमेच्या डोंगरात एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने हिरडा झोडणारा महादेव कोळी शेतकरी असो, त्याचा हात डोक्यावर जातो तो चार कंडरांच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांच्या, आधाराने. दंडाच्या हाडाचा गोल माथा वेढून तो उथळ खोबणीत धरणाऱ्या या वेढ्याला रोटेटर कफ म्हणतात. झाडावरून पडताना फांदीला लोंबकळलेला हात हा वेढा एका क्षणात फाडू शकतो, तर ओझी वाहणाऱ्याचा तो वर्षानुवर्षे विरत जातो.

गावात दोन्हींना 'खांदा धरला' असेच म्हणतात आणि मालीश सुरू होते. वास्तविक धरलेला, म्हणजे सांधाच आखडलेला, खांदा दुसऱ्याने उचलूनही पुरता वर जात नाही. मोठ्या फाटीत मात्र दुसऱ्याने हात वर नेला तर तो जातो आणि सोडताच खाली पडतो. फाट पाच सेंटिमीटरहून मोठी असली किंवा दोन कंडरा तुटल्या, तर ती गंभीर मानतात. या दुखापतीवरील शस्त्रक्रियेचे वर्णन शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९११ मध्येच केले होते. पण उशीर झाला की तुटलेली कंडरा मागे सरकत जाते आणि स्नायूच्या जागी चरबी भरते; या चरबीची प्रतवारी शल्यचिकित्सक गुतालिये यांनी १९९४ मध्ये मांडली. अशी चरबी टाके घालून सहसा मागे फिरत नाही, त्यामुळे मालिशीत गेलेले महिने शस्त्रक्रियेचा प्रकारच बदलून टाकतात.

ताजी फाट दुर्बिणीतून हाडाशी शिवता येते. जुन्या फाटीत पाठीचा स्नायू वळवून जोडणे किंवा मांडीतील पडदा वापरून सांध्याचे वरचे आवरण नव्याने घडवणे, हे पर्याय उरतात. शल्यचिकित्सक ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये योजलेल्या उलट्या कृत्रिम सांध्यात गोळा खांद्याच्या फऱ्यावर आणि वाटी दंडावर बसते, म्हणजे कफचे काम खांद्यावरचा मोठा स्नायू करतो. वयस्क रुग्णाला हा सांधा वरदान ठरतो, पण ज्याला उद्या पुन्हा गोणी उचलायची आहे त्याला तो सुचवताना हात आखडताच घ्यावा.

शिवलेला हात साधारण सहा आठवडे झोळीत आणि पुढे काही महिने ओझ्यापासून दूर ठेवावा लागतो, म्हणून येथील रुग्ण शस्त्रक्रियेची तारीख विचारण्याआधी हिरड्याचा हंगाम आणि भातलावणी मोजतो.