अंगणातला निंब



कापसाच्या भावावर आज पुष्कळ बोलून झालं. मी झाडावर बोलणार आहे, आणि तेही शोभेच्या झाडावर. हसू नका. अंगण छान दिसावं असं कोरडवाहूवाल्यालाही वाटतं.

आपल्याकडे नवं घर झालं की माणूस रोपवाटिकेतून दोन अशोक आणतो आणि फाटकाच्या दोन बाजूंना उभे करतो. शाळेत तेच, ग्रामपंचायतीत तेच. तो खरा अशोक नव्हेच. खरा तो सीता-अशोक, केशरी-तांबड्या फुलांचा, आणि त्याला ओलावा लागतो. हा आहे आसुपालव. बारा महिने हिरवा, तोरणाला पानं देतो, दिसतो देखणा. पण त्या खांबासारख्या झाडाच्या सावलीत वैशाखात एक शेळी मावत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा मुलखात अंगणात एकच झाड लावायचं तर निंब लावा. फाल्गुनात थोडे दिवस विरळ होतो, पण लगेच तांबूस पालवी फुटते.

तुम्ही म्हणाल, निंब काय लावायचा, तो आपोआप येतो. बांधावर येतो खरा, पाखरांच्या कृपेनं. पण तिथं मोठा झाला की त्याच्या सावलीत दादर खुरटते, आणि मग कुऱ्हाड चालते. म्हणून मी अंगणातला, खळ्यातला निंब सांगतोय.

बी ताजंच हवं. जून-जुलैत पिकून पिवळी पडलेली निंबोळी घ्या, गर धुऊन काढा, सावलीत वाळवा आणि आठवड्याभरात पिशवीत पेरा. दोन-तीन आठवड्यांनंतर बियाची उगवण झपाट्यानं घसरते. मागच्या वर्षीचं बी पेरून रोपाची वाट बघण्यात अर्थ नाही. रोप वर्षाचं झालं की पुढच्या पावसाळ्यात २ फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात लावा. कुजलेलंच शेणखत घाला, कच्च्या खतानं वाळवी येते. आपल्या काळ्या रानात एक गोष्ट सांभाळा: निंबाला तहान सोसते, मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. जागा थोडी उंच घ्या, खड्ड्यात मुरूम मिसळा. पहिले दोन उन्हाळे बुडाशी भोक पाडलेलं मडकं पुरून त्यात पाणी भरत राहा. भोवती बोरीच्या काट्या हव्यातच, कारण निंब कडू असतो हे शेळीला कोणी सांगितलेलं नाही. भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब लावा. खालच्या फांद्या हळूहळू काढा, एकदम बोडकं करू नका.

२०२१ मध्ये तेलंगणात निंबाचे शेंडे वाळण्याचा रोग मोठ्या प्रमाणावर दिसला. तशा फांद्या आढळल्या तर थोड्या हिरव्या भागासकट कापून जाळा.

या झाडाची किंमत बाहेरच्यांना चांगली कळते. निंबाच्या तेलानं बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचं शेती खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना १९९४ मध्ये युरोपात पेटंट मिळालं. त्याला आव्हान दिलं गेलं. महाराष्ट्रातल्या शेतांवर १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात झालेल्या चाचण्या पुराव्यात पुढे आल्या. २००० साली पेटंट रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं. खटला जिंकला, पण निंबोळ्या आजही झाडाखाली सडतात आणि आपण बाटलीतला निंब दुकानातून विकत आणतो.

पाचेक वर्षांत झाड फळाला लागतं. मोठं झाड हंगामात तीस ते पन्नास किलो फळ देतं, म्हणजे एकरभर कपाशीच्या एका फवारणीची सोय. अर्क असा करायचा: ५ किलो निंबोळीची भुकटी ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून गाळा, १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबण मिसळा आणि एकूण १०० लिटर पाणी करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा; उन्हानं त्याचा गुण जातो. अळी पटापट मरेल अशी आशा धरू नका. तिचं खाणं आणि वाढ थांबते, तेही ती लहान असताना. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत तो पोचत नाही.

वाळलेली निंबोळी गोणपाटात भरून हवेशीर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की तिला बुरशी धरते.